साक्षीदार खोटे बोलत नव्हता

बारावीचा निकाल लागला की हल्ली अनेक घरांत एक नवी जोडी ऐकू येते : आधी सायकॉलॉजी, मग क्रिमिनॉलॉजी. आईवडील विचारतात, म्हणजे पोलिसात जायचे आहे का? मुलांच्या डोळ्यांसमोर असतो तो मालिकांतला तज्ज्ञ. शांत बसतो, समोरच्याच्या पापणीची हालचाल टिपतो आणि शेवटच्या भागात गुन्हेगाराच्या मनातले सगळे बाहेर काढतो. गुन्हेगाराच्या मनात शिरायचे आणि खोटे पकडायचे, एवढ्यासाठी हा विषय असतो, अशी त्यांची समजूत असते.

मी या विषयाची पदवी घेतलेली नाही. वर्गाबाहेर राहून, मिळतील ती जुनी पुस्तके, नियतकालिकांचे जुने अंक आणि न्यायालयांची निकालपत्रे वाचत या विषयाशी ओळख करून घेतली. त्या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. गुन्ह्याच्या अभ्यासासाठी मानसशास्त्र विद्यापीठाच्या वर्गात शिरले, तेव्हा त्याने तपासलेल्या पहिल्या मनांत बाकावर बसलेल्या, सुशिक्षित, प्रामाणिक विद्यार्थ्यांची मने होती. खरे सांगू इच्छिणारा माणूसही चुकीचे सांगतो, हा तिथला पहिला धडा होता. त्याच सुमारास, किंबहुना त्याच प्रयोगशाळेतून, दुसरा धडाही निघाला : यंत्राने खोटे पकडता येते. पोलीस, वृत्तपत्रे आणि जनता यांना दुसरा धडा पटकन आवडला. पहिला धडा न्यायालयाच्या दारात जवळजवळ शतकभर ताटकळत उभा राहिला. या दोन धड्यांचा हा इतिहास आहे.

बाकावरचे साक्षीदार

गुन्हेगारीशास्त्र हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले अपत्य. १८७६ साली इटलीत चेझारे लोम्ब्रोझो यांचा गुन्हेगार माणसाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कैद्यांची कपाळे, जबडे, कान मोजून जन्मजात गुन्हेगार हा माणसाचा वेगळाच नमुना असतो, असे त्यांनी मांडले. १८८५ साली राफाएले गारोफालो यांनी आपल्या ग्रंथाचे नावच ‘क्रिमिनोलॉजिया’ ठेवले आणि विषयाला नाव मिळाले. या मंडळींची नजर तुरुंगाकडे होती. बाहेरचे लोक शहाणे आणि आतले लोक तपासण्याजोगे, ही वाटणी त्यांनी गृहीत धरली होती.

या वाटणीला पहिला धक्का बसला तो अगदी साध्या प्रश्नांनी. १८९३ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स मॅकीन कॅटेल यांनी ५६ विद्यार्थ्यांना काही प्रश्न विचारले. आठवड्यापूर्वी आजच्याच दिवशी हवा कशी होती? सफरचंदातल्या बियांची टोके कुठल्या दिशेला असतात? वाऱ्यात उभा असलेला घोडा वाऱ्याकडे तोंड करतो की शेपूट? हवेविषयीच्या उत्तरांत निरभ्र आकाशापासून पाऊस, बर्फ आणि वादळापर्यंत सगळे काही होते. दिवस एक, गाव एक. कोणालाही खोटे बोलायचे कारण नव्हते.

यानंतरचा प्रयोग बर्लिनचा, १९०१ च्या डिसेंबरमधला. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक फ्रान्झ फॉन लिस्ट यांचा वर्ग चालू होता. हे लिस्ट त्याच नावाच्या प्रसिद्ध संगीतकाराच्या नात्यातले. एका पुस्तकावर चर्चा चालली असताना एक विद्यार्थी उठून मोठ्याने बोलू लागला. दुसऱ्याने त्याला अडवले. शब्दाने शब्द वाढला, मूठ उगारली गेली आणि पहिल्याने खिशातून पिस्तूल काढले. प्राध्यापक मध्ये पडले, झटापट झाली, बार उडाला. वर्गात हलकल्लोळ माजला.

सगळे ठरवून घडवलेले होते. वर्ग शांत झाल्यावर लिस्ट यांनी काही विद्यार्थ्यांना तिथल्या तिथे, काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना आठवड्याने घडलेला प्रसंग लिहायला लावला. काहींची तर न्यायालयासारखी उलटतपासणी घेतली. मूळ प्रसंगाचे चौदा तुकडे आधीच लिहून ठेवलेले होते, त्यांच्याशी ही वर्णने ताडून पाहिली. सर्वांत कमी चुकलेल्या साक्षीदाराच्या सांगण्यात २६ टक्के चुका निघाल्या आणि सर्वांत जास्त चुकलेल्याच्या सांगण्यात ८० टक्के. गप्प बसलेल्यांच्या तोंडी वाक्ये घातली गेली होती. ज्यांनी हालचालच केली नाही त्यांच्या नावावर कृती जमा झाल्या होत्या. प्रसंगाच्या पहिल्या, तुलनेने शांत भागापेक्षा दुसऱ्या, धुमश्चक्रीच्या भागात चुका अधिक होत्या. आपला समज नेमका उलटा असतो. भीतीच्या क्षणी पाहिलेले मनावर कोरले जाते, असे आपण म्हणतो.

आणि हे साक्षीदार कायद्याचे विद्यार्थी होते. उद्या त्यांच्यापैकीच कोणी न्यायाधीश होऊन दुसऱ्यांच्या साक्षी तोलणार होते. त्याच काळात विल्यम स्टर्न हे तरुण मानसशास्त्रज्ञ चित्रे दाखवून लोकांची स्मृती तपासत होते. बिनचूक आठवण हा नियम नसून अपवाद आहे, या निष्कर्षाला ते आले होते. साक्षीच्या मानसशास्त्राला वाहिलेले एक नियतकालिकही त्यांनी जर्मनीत चालवले.

ग्राट्झचा दंडाधिकारी आणि मद्रासचे भाषांतर

या प्रयोगांना प्रत्यक्ष तपासाच्या अनुभवाची जोड दिली ती ऑस्ट्रियातल्या हान्स ग्रॉस यांनी. ग्रॉस हे मूळचे तपास करणारे दंडाधिकारी. गावोगावचे गुन्हे तपासताना आपल्या कायद्याच्या शिक्षणाने तपासाविषयी काहीच शिकवले नाही, हे त्यांना जाणवले. १८९३ साली त्यांनी तपास अधिकाऱ्यांसाठी मोठे हस्तपुस्तक लिहिले. पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, चोरांची भाषा यांच्या बरोबरीने साक्षीदाराला कसे विचारावे, कुठली साक्ष कशामुळे बिघडते, यालाही त्यात जागा होती. १८९८ साली त्यांचा गुन्ह्याच्या मानसशास्त्रावरचा स्वतंत्र ग्रंथ आला. तो गुन्हेगाराइतकाच न्यायाधीश, पंच आणि साक्षीदार यांच्या मनाविषयी आहे. पुढे ते प्राग विद्यापीठात शिकवत असताना त्यांच्या श्रोत्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव फ्रान्झ काफ्का.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रॉस यांचे हस्तपुस्तक १९०६ साली इंग्रजीत आले ते लंडनहून नव्हे, मद्रासहून. मद्रासचे सरकारी वकील जॉन अ‍ॅडम आणि जे. कॉलियर अ‍ॅडम यांनी भारतातल्या आणि वसाहतींतल्या अधिकाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने ते इंग्रजीत उतरवले. म्हणजे साक्षीदाराच्या स्मृतीविषयी सावध राहा, हा सल्ला आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच छापून झाला होता. आपल्याला तो नंतर कोणी परदेशातून आणून दिला, असे म्हणायची सोय नाही.

हार्वर्डचा प्राध्यापक

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचा जन्म १८६३ चा, तेव्हाच्या डान्झिग शहरात. आज ते पोलंडमधले ग्डान्स्क. लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे त्यांनी मानसशास्त्र केले, पुढे वैद्यकीची पदवीही घेतली. विल्यम जेम्स यांनी १८९२ साली त्यांना हार्वर्डची प्रयोगशाळा सांभाळायला बोलावले. हुशार, कष्टाळू, लिहिता हात असलेला आणि स्वतःवर अपार विश्वास असलेला हा माणूस. १९०८ साली त्यांचे ‘ऑन द विटनेस स्टँड’ हे पुस्तक आले. मासिकांत सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या निबंधांचा तो संग्रह होता. बर्लिनच्या वर्गातली हकीकत इंग्रजी वाचकांपर्यंत मुख्यतः या पुस्तकाने पोचवली.

पुस्तकात त्यांनी स्वतःलाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. कुटुंब सुटीवर बाहेरगावी असताना त्यांच्या घरी चोरी झाली. न्यायालयात त्यांनी शपथेवर सांगितले की, चोर तळघराच्या खिडकीतून आत शिरले, वरच्या मजल्यावर मेणबत्तीचे थेंब सांडले होते, एक घड्याळ चोरांनी कागदात बांधून ठेवले होते. नंतर कळले की, चोरांनी तळघराच्या दाराचे कुलूप मोडले होते, मेणाचे थेंब माळ्यावर होते आणि घड्याळ कागदात नव्हे, टेबलावरच्या कापडात गुंडाळले होते. स्मृतीचा व्यवसायाने अभ्यास करणारा माणूस, स्वतःचे घर, आणि खोटे बोलण्याचे कारण शून्य.

या पुस्तकातले दुसरे प्रकरण याहून गंभीर आहे. १९०६ साली शिकागोत रिचर्ड आयव्हन्स या तरुणाला खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली. त्याने पोलिसांपुढे कबुली दिली होती, नंतर ती नाकारली होती. कागदपत्रे पाहून म्युन्स्टरबर्ग यांनी फाशीपूर्वीच एका डॉक्टरांना पत्राने कळवले की, ही कबुली खरी वाटत नाही. सतत विचारणा आणि दडपण यांखाली दुबळ्या मनाचा माणूस दुसऱ्याने सुचवलेलेच आठवू लागतो. पत्र वृत्तपत्रांत आले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. हार्वर्डच्या प्राध्यापकाने शिकागोच्या न्यायदानात नाक खुपसू नये, असा सूर होता. कबुली खोटी असू शकते हे आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. तेव्हा ते वेडेपणाचे लक्षण ठरले.

पण याच माणसाने पुढच्याच वर्षी नेमके उलटे पाऊल टाकले. आयडाहो राज्याच्या माजी गव्हर्नरच्या खुनाचा खटला गाजत होता. हॅरी ऑर्चर्ड या मारेकऱ्याने कामगार पुढारी बिल हेवूड यांचे नाव घेतले होते. म्युन्स्टरबर्ग तिथे गेले, तुरुंगात ऑर्चर्डवर सुमारे शंभर चाचण्या केल्या आणि तो खरे बोलत आहे, असा निर्वाळा दिला. खटला संपण्याआधीच त्यांचे हे मत वृत्तपत्रांत पोचले. ज्यूरीने मात्र हेवूड यांना निर्दोष सोडले. स्मृती किती निसरडी असते हे जगाला सांगणाऱ्याला, आपल्या चाचण्या मात्र माणसाच्या मनाचा तळ दाखवतात, याची खात्री होती. दोन्ही धडे एकाच माणसात असे शेजारी शेजारी नांदत होते.

कायद्याच्या जगाने म्युन्स्टरबर्गना उत्तर दिले ते थट्टेने. पुराव्याच्या कायद्यावरचे अमेरिकेतले सर्वांत मोठे अधिकारी जॉन हेन्री विगमोर यांनी १९०९ साली एक काल्पनिक खटला लिहिला. त्यात वकीलमंडळी म्युन्स्टरबर्गवर बदनामीचा दावा लावतात, वादींचा वकील प्राध्यापकाची उलटतपासणी घेतो आणि ज्यूरी त्यांना एक डॉलर भरपाईची शिक्षा ठोठावते. लेख गमतीचा असला तरी त्यातला मुद्दा पोकळ नव्हता. वकिलांनी वापरावे असे पक्के, छापील संशोधन तुमच्याकडे कुठे आहे, असे विगमोर विचारत होते. वर्गातल्या चुकांच्या सरासरीवरून समोर उभा असलेला हा एक साक्षीदार चुकतो आहे की नाही, हे कसे सांगणार? तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. पण त्या लेखाचा परिणाम असा झाला की, पुढची काही दशके मानसशास्त्रज्ञ कोर्टाची पायरी चढेनासे झाले.

पहिल्या महायुद्धात म्युन्स्टरबर्ग यांनी जर्मनीची बाजू उघडपणे घेतली. मित्र दुरावले. १९१६ च्या डिसेंबरमध्ये व्याख्यान देत असतानाच ते कोसळले आणि गेले.

एका प्रयोगशाळेच्या दोन वाटा

त्यांच्या हार्वर्डच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या दोन तरुणांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत.

पहिला विल्यम मोल्टन मार्स्टन. माणूस खोटे बोलताना त्याचा रक्तदाब चढतो, या कल्पनेवर त्याने १९१५ च्या सुमारास प्रयोग सुरू केले. आजच्या लाय डिटेक्टरच्या मुळांपैकी हे एक. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये जेम्स फ्राय या खुनाच्या आरोपीची चाचणी करून तो निर्दोष असल्याचे मार्स्टनने सांगितले. न्यायाधीशांनी ती साक्ष ऐकण्यासच नकार दिला. १९२३ साली अपील न्यायालयाने नियम घालून दिला : ज्या शास्त्रीय तत्त्वाला त्या क्षेत्रात सर्वसाधारण मान्यता मिळालेली नाही, त्यावर आधारलेला तज्ज्ञाचा पुरावा चालणार नाही. हा फ्राय नियम अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९३ पर्यंत टिकला. कोर्टाने यंत्र बाहेर ठेवले तरी पोलीस ठाण्यांनी आणि वृत्तपत्रांनी ते डोक्यावर घेतले. मार्स्टन पुढे चित्रकथांकडे वळला आणि १९४१ साली त्याने ‘वंडर वूमन’ निर्माण केली. तिच्या हातातल्या दोराने बांधले की माणसाला खरेच बोलावे लागते. प्रयोगशाळेत जे जमले नाही ते चित्रकथेत जमले.

दुसरा विद्यार्थी नरेंद्रनाथ सेनगुप्ता. म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून ते भारतात परतले आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. भारतातला तो पहिला. ज्या वर्षी गुरू गेले त्याच वर्षी शिष्याने इथे प्रयोगशाळा मांडली. आपल्याकडचे विद्यापीठीय मानसशास्त्र असे थेट त्या वंशावळीतले आहे. मात्र साक्षीचा विषय त्या वाटेने कोर्टापर्यंत आला नाही. गुन्हेगारीचा अभ्यास आपल्याकडे वेगळ्या दारातून आला. मुंबईला १९३६ साली सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य संस्थेत पन्नाशीच्या दशकात तो तुरुंगसुधारणा आणि पुनर्वसन यांच्या अंगाने शिकवला जाऊ लागला. १९५९ साली सागर विद्यापीठात न्यायवैद्यक विज्ञानाच्या जोडीने त्याचा विभाग निघाला. एकीकडे समाजकार्य, दुसरीकडे प्रयोगशाळेतले रसायन. या दोहोंच्या मध्ये साक्षीदाराची स्मृती फारशी कोणाच्या वाट्याला आली नाही.

एका क्रियापदाचा फरक

साक्षीच्या मानसशास्त्राला पुन्हा जीव आला तो १९७० नंतर. १९७४ साली वॉशिंग्टन विद्यापीठात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद मात्र बदलत ठेवले. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ असे विचारले तेव्हा सरासरी वेग ताशी चाळीस मैलांहून किंचित अधिक आला. ‘टेकल्या’ असे विचारले तेव्हा ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. आठवड्याने त्यांना विचारले, फुटलेल्या काचा दिसल्या का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना काचा आठवल्या, ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी ७ जणांना आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्यांपैकी ६ जणांना. एका क्रियापदाने आठवणीत काचा पेरल्या.

विगमोर यांनी मागितलेले छापील संशोधन आता जमू लागले. पण कायद्याला हलवले ते प्रयोगांपेक्षाही डीएनए चाचणीने. रोनाल्ड कॉटन यांचे प्रकरण अमेरिकेत सर्वश्रुत आहे. १९८४ साली नॉर्थ कॅरोलिनात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. पुढे ओळखता यावे म्हणून त्या प्रसंगीही तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून पाहिला होता. पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून तिने बराच वेळ घेऊन कॉटन यांचे छायाचित्र निवडले. पुढे प्रत्यक्ष परेडमध्येही त्यांनाच ओळखले. पोलिसांनी दिलेल्या दुजोऱ्याने तिची खात्री वाढत गेली. कॉटन यांना जन्मठेप झाली. मधल्या काळात खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात उभा करण्यात आला, तेव्हा या माणसाला आपण कधी पाहिलेच नाही, असे तिने सांगितले. तिच्या आठवणीतला चेहरा तोवर बदलला होता. १९९५ साली डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरले. दहा वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात होते. ती स्त्री खोटे बोलली नव्हती, सूड घेत नव्हती. पुढे दोघांनी मिळून पुस्तक लिहिले आणि गावोगाव जाऊन हेच सांगितले.

अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या निरपराधांच्या खटल्यांची छाननी झाली तेव्हा त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खटल्यांत चुकीची ओळख हे एक कारण असल्याचे आढळले. गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७८ सालीच एक उपयुक्त भेद सांगितला होता. प्रसंगाच्या वेळचा उजेड, अंतर, भीती या गोष्टी आपल्या हातात नसतात. परेड कशी घ्यावी, प्रश्न कसा विचारावा, या मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात. तेव्हा सुधारणा तिथे करावी. म्युन्स्टरबर्गपेक्षा हा मार्ग नम्र आहे. या साक्षीदाराच्या मनात काय आहे ते मी सांगतो, असा दावा तो करत नाही. तुमच्या पद्धतीने आठवण बिघडू देऊ नका, एवढेच सांगतो.

आपल्या कोर्टात

आता आपल्याकडे वळू. १८७२ च्या पुरावा कायद्याने एक शहाणपणाची तरतूद केली : सरतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर पोटात घेऊनच आलेला प्रश्न, विरुद्ध पक्षाची हरकत असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. लॉफ्टस यांच्या प्रयोगाआधी शंभर वर्षे कायद्याला प्रश्नाची ताकद ठाऊक होती. पण हे बंधन कोर्टात लागू होते आणि साक्षीदाराला पहिले प्रश्न विचारले जातात ते पोलीस ठाण्यात. तिथे ‘ट्रकचा धक्का लागला तेव्हा’ असे विचारले की ‘ट्रकने उडवले तेव्हा’ असे विचारले, याची नोंद कुठेच राहत नाही. जबाब लिहिणारा हवालदार आपल्या ठरलेल्या भाषेत लिहितो. ‘सदर इसम’ आणि ‘माझे समक्ष’ हे शब्द कुठल्या साक्षीदाराच्या तोंडचे असतात? प्रश्न गळून जातात, उत्तरे उरतात, आणि तीही दुसऱ्याच्या शब्दांत.

ओळख परेडचेच पाहा. बातम्यांत आरोपीच्या तोंडावर काळे कापड टाकलेले आपण पाहतो. लोकांना वाटते, ते त्याची लाज राखण्यासाठी. त्याचे खरे कारण परेड हे आहे. साक्षीदाराने त्याला आधी पाहिलेले असू नये. परेड पोलिसांनी नव्हे, दंडाधिकाऱ्याने घ्यायची आणि पोलिसांनी दूर राहायचे, हा नियम आपल्याकडे जुना आहे. एका संशयिताबरोबर निदान सहा जण उभे करावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये सांगितले आहे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने परेड घेऊ नये, ही गोष्ट अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना फार झगडून मिळवावी लागली. आपल्याकडे ती पोलिसांवरच्या अविश्वासातून आपोआप आली. स्मृतीच्या जाणिवेतून ती आली नसल्यामुळेच बाकीचे सैल राहिले. अटकेनंतर परेडला कधी कधी आठवडे लागतात, तोवर चेहरा वृत्तपत्रांत येऊन गेलेला असतो.

कायद्याच्या दृष्टीने परेड हा मूळ पुरावाही नाही. साक्षीदार न्यायालयात जी ओळख पटवतो ती मूळ पुरावा, आणि परेड केवळ तिला आधार, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मांडली आहे. २००३ च्या मलखानसिंग निकालात ती स्पष्ट वाचायला मिळते. शपथ आणि उलटतपासणी कोर्टातच होते, तेव्हा कायद्याचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. पण स्मृतीचे शास्त्र नेमके उलटे सांगते : पहिली ओळख सर्वांत मोलाची, शेवटची सर्वांत कमी. घटनेनंतर चार-पाच वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा माणूस बसलेला असतो. त्याच्याकडे बोट दाखवायला स्मृती लागतच नाही. त्यातच, एखादी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, असे आपला कायदा सांगतो. एकाच्या सांगण्यावरही शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तत्त्वे कायम आहेत.

आणि दुसऱ्या धड्याचे काय झाले? तो आपल्याकडे वाजतगाजत आला. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यातली नार्को चाचणीची दृश्ये वाहिन्यांवर आली, ती अनेकांना आठवत असतील. गुंगीत बरळणारा माणूस म्हणजे सत्याचा झरा, असा समज घरोघरी पोचला. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना मेंदूच्या विद्युत लहरींवर आधारलेल्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्यावर तारा लावून वाक्ये ऐकवायची आणि ते कृत्य आरोपीच्या ‘अनुभवात’ आहे की नाही हे लहरींवरून ठरवायचे, अशी ती पद्धत. जगभरच्या तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत दिले. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाही. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा आपोआप पुरावा ठरत नाही.

या निकालाचा मुख्य आधार संविधानाने दिलेले हक्क हा आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात स्मृतीचाही प्रश्न दिसतो. औषधाखाली असो की तारांखाली, बाहेर येणार ती आठवणच. लिस्ट यांच्या वर्गात शुद्धीवर असलेल्या, निर्भय विद्यार्थ्यांच्या आठवणीत २६ ते ८० टक्के चुका निघाल्या होत्या. पोलीस कोठडीत दिवस काढलेल्या, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न ऐकलेल्या माणसाच्या आठवणीत त्या प्रश्नांतल्या काचा पेरल्या गेल्या नसतील, याची हमी कुठले यंत्र देणार? आयव्हन्सच्या कबुलीविषयी म्युन्स्टरबर्ग यांनी नेमके हेच म्हटले होते.

तेव्हा सायकॉलॉजी आणि क्रिमिनॉलॉजी शिकायला निघालेल्या मुलामुलींना मी एवढेच सांगेन की, विषय जरूर घ्या. पण तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात बर्लिनचा तो प्रयोग आपल्याच वर्गात करून पाहा. पिस्तूल नको, एखादा अनोळखी माणूस दोन मिनिटे येऊन, टेबलावरची वही उचलून गेला तरी पुरे. आठवड्याने सगळ्यांची वर्णने शेजारी शेजारी ठेवा. मग आपल्या जिल्हा न्यायालयात जाऊन एखादी सरतपासणी पूर्ण ऐका. साक्षीदाराने परेडच्या वेळी पहिल्यांदा काय शब्द उच्चारले, किती वेळ घेतला, किती खात्रीने सांगितले, हे कागदावर आहे का ते पाहा. परेड लवकर घेणे, संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाही ठाऊक नसणे, विचारलेला प्रश्न उत्तराबरोबर लिहून ठेवणे, अशा साध्या सुधारणा अजून करायच्या राहिल्या आहेत. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही आणि कुणाला गुंगीचे औषधही द्यावे लागत नाही. त्या सुधारणांचा आग्रह धरणारी माणसे मात्र लागतील, आणि ती याच वर्गांतून यायला हवीत.